विरळणीची वेळ हिरव्या डोलाऱ्यावरून ठरते

स्प्रूस, पाइन, फर, लार्च, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचं रोपवन लावताना गर्दी मुद्दामच केलेली असते. २ × २ मीटरवर हेक्टरी २५०० रोपं बसतात, २.५ × २.५ वर १६००. शेवटच्या तोडीपर्यंत त्यातली तीन-चारशेच टिकवायची असली, तरी सुरुवातीला एवढी लावतात. दाटीत खालच्या फांद्या बारीक राहतात आणि लवकर वाळतात, त्यामुळे लाकडात मोठ्या गाठी येत नाहीत. खोडं सरळ जातात. शिवाय पुढे निवडायला हाताशी भरपूर झाडं असतात. पहिली दहा-पंधरा वर्षं ही दाटी कामाची असते, नंतर तीच झाडांच्या मुळावर येते.

विरळणीने, म्हणजे दाटीतली काही झाडं तोडून काढल्याने, रान जास्त लाकूड देऊ लागतं, हा समज सरसकट आढळतो आणि तो चुकीचा आहे. डेन्मार्कचे वनशास्त्रज्ञ कार्ल मार मोलर यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर आकडे मांडून दाखवलं, की दाटी बरीच कमी-जास्त केली तरी हेक्टरी वार्षिक वाढ जवळपास तेवढीच राहते. विरळणीने फरक पडतो तो वाटपात. जी वाढ दोन हजार काटक्यांत विखुरली असती, ती काही शे जाड खोडांवर जमा होते. उंचीवर तर फारसा परिणाम होतच नाही. उंची ठरते जमिनीवरून आणि जातीवरून, जाडी ठरते मिळालेल्या जागेवरून. म्हणून जाड ओंडका नकोच असेल, लाकूड लगद्याला किंवा जळणालाच जाणार असेल, तर विरळणी न करणं हाही सरळ हिशेबी निर्णय आहे. त्यात आळस नाही.

जाड ओंडका हवा असेल तर मात्र विरळणी टाळता येत नाही. आपण कुऱ्हाड लावली नाही तरी रान स्वतःहून विरळ होतंच. वनसंशोधक राइनेके यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत भरगच्च रानांची मोजमापं मांडली, तेव्हा त्यांना एक नेम दिसला: झाडांची सरासरी जाडी दुप्पट झाली की तग धरून राहिलेल्या झाडांची संख्या साधारण एक तृतीयांशावर येते. बाकीची सावलीत मरतात. तोट्याची बाब अशी, की मरण्याआधी ती बरीच वर्षं शेजाऱ्याचं पाणी, प्रकाश आणि जागा खाऊन मरतात, आणि त्यांचं लाकूडही हाती लागत नाही.

गेलेली फांदी परत येत नाही

रुंद पानांच्या पुष्कळ झाडांच्या सालीखाली सुप्त कळ्या असतात. उजेड मिळाला की खोडावर नवे फुटवे येतात. बहुतेक सूचिपर्णी झाडांना ही सोय नाही. सावलीने वाळलेली खालची फांदी गेली ती गेली. अशा झाडाचा हिरवा डोलारा, म्हणजे जिवंत फांद्यांचा भाग, लांबवायला एकच वाट उरते: शेंडा वर जात राहायला हवा आणि तोवर खालच्या फांद्या जिवंत राहायला हव्यात. शेंडा वर्षाला ५० सेंमी वाढत असेल आणि विरळणीने खालची मर पूर्ण थांबवली असेल, तरी ५ वर्षांत डोलारा अडीच मीटरच वाढतो. म्हणजे आज तीन मीटर डोलारा उरलेल्या झाडाला बरं व्हायला अर्धं दशक लागतं, आणि त्या काळात वारा आणि बर्फ थांबून राहत नाहीत.

त्यामुळे विरळणीची वेळ ठरवताना रोपवनाचं वय हा कच्चा आधार आहे. पक्का आधार म्हणजे एकूण उंचीत हिरव्या डोलाऱ्याचा वाटा. १२ मीटरच्या झाडावर ६ मीटर हिरवं असेल तर वाटा ५० टक्के, प्रकृती उत्तम. ४० टक्क्यांच्या आसपास आला की पहिली विरळणी आणखी पुढे ढकलू नये. ३० टक्क्यांखाली गेलेली झाडं प्रतिसाद देतात, पण रडतखडत. २० टक्क्यांवर आलेल्या रानात जोरकस विरळणी करणं म्हणजे उरलेली झाडं वाऱ्याला बहाल करणं.

हा वाटा मोजताना रानाच्या कडेला उभं राहू नका. कडेची झाडं जमिनीपर्यंत हिरवी असतात आणि बाहेरून सगळं छान दिसतं. निदान २०-३० मीटर आत शिरा, वरच्या थरातली दहा-बारा झाडं निवडा आणि खालून वर पाहत या. एकटीदुकटी हिरवी फांदी धरू नका. खोडाच्या निदान तीन बाजूंना जिवंत फांद्या आहेत असं सर्वात खालचं वलय शोधा. डोलारा तिथून सुरू होतो.

दुसरी खूण म्हणजे सडपातळपणा. उंची आणि छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवरचा व्यास, दोन्ही मीटरमध्ये घेऊन भागाकार करायचा. ११ मीटर उंच आणि १४ सेंमी जाड झाडाचा आकडा ७९ येतो. ८० च्या खाली झाड आपल्या पायावर उभं आहे. १०० च्या वर गेलं की ते शेजाऱ्यांच्या आधाराने उभं आहे, आणि विरळणीत आपण नेमका तोच आधार काढून घेतो. ओला, जड बर्फ पडणाऱ्या प्रदेशात ९० लाच सावध व्हावं.

मोजल्याशिवाय खूण नाही

नजरेवर भरवसा ठेवणारे अनुभवी लोकसुद्धा एकाच दिवसात सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त झाडांवर तोडीच्या खुणा करत जातात. त्यावर उपाय स्वस्त आहे. ५.६४ मीटरची दोरी घ्या. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ १०० चौरस मीटरचं होतं, त्यामुळे आतलं प्रत्येक झाड म्हणजे हेक्टरी १०० झाडं. उतारावर दोरी जमिनीला टेकवून न धरता आडवी, पाणसळीत धरा. २० अंशांच्या चढावर जमिनीला टेकवून ५.६४ मीटर मोजले तर प्रत्यक्षात ५.३ मीटरच भरतात, आणि झाडं आहेत त्याहून विरळ वाटू लागतात. एका रोपवनात निदान आठ-दहा वर्तुळं आखा आणि ती आधीच नकाशावर टाका. रानात गेल्यावर जागा निवडायला लागलं की पाय आपोआप सोप्या जागांकडे वळतात.

नुसती संख्या पुरत नाही. हजार बारीक झाडं आणि हजार जाड झाडं यांची दाटी एक नसते. म्हणून छातीच्या उंचीवर सगळी खोडं आडवी कापली असती तर त्या कापांचं क्षेत्रफळ किती भरलं असतं, तो आकडा धरतात. त्याला इथे छेदक्षेत्र म्हणू. ऑस्ट्रियाच्या वॉल्टर बिटरलिश यांनी १९४८ मध्ये हा आकडा एकही झाड न मोजता काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली. २ सेंमी रुंदीची पट्टी डोळ्यापासून ७०.७ सेंमीवर धरायची, एका जागी उभं राहून स्वतःभोवती पूर्ण फेरी घ्यायची, आणि छातीच्या उंचीवर पट्टीपेक्षा रुंद दिसणारं प्रत्येक खोड मोजायचं. मोजलेल्या झाडांना २ ने गुणलं की हेक्टरी चौरस मीटरमध्ये छेदक्षेत्र मिळतं. अंतर नेमकं राहावं म्हणून पट्टीला ७०.७ सेंमीची दोरी बांधून दुसरं टोक गालाच्या हाडाशी धरतात. नेमकी पट्टीएवढीच रुंद दिसणारी खोडं एक सोडून एक मोजतात. झाडाआड दडलेलं झाड सुटू नये म्हणून थोडं बाजूला सरकून पाहायचं आणि पुन्हा मूळ जागी यायचं. हे विसरलं की दाट रानातला आकडा हमखास कमी येतो.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. २ × २ मीटरवर लावलेलं स्प्रूसचं रोपवन आहे. मर वगळता हेक्टरी २२०० झाडं उरली आहेत, सरासरी व्यास १४ सेंमी, वरच्या थराची उंची १२ मीटर. १४ सेंमी खोडाचा काप ०.०१५४ चौरस मीटर, म्हणजे छेदक्षेत्र सुमारे ३४. पट्टीने पाहिलं तर फेरीत १७ झाडं मोजली जायला हवीत. झाडांमधलं सरासरी अंतर २.१३ मीटर, उंचीच्या १८ टक्के. पहिल्या विरळणीनंतर हे अंतर उंचीच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त असावं, हा बऱ्याच जातींना चालणारा ठोकताळा आहे.

दर दहावी ओळ यंत्राच्या वाटेसाठी काढली की २२० झाडं गेली. उरलेल्यांतून निवडून ५०० काढली, सरासरी १२.५ सेंमीची. एकूण ७२० झाडं, म्हणजे संख्येने ३३ टक्के. छेदक्षेत्रातून मात्र ९.५ च गेलं, २८ टक्के, कारण निवडलेली झाडं सरासरीपेक्षा बारीक होती. उरली १४८० झाडं, छेदक्षेत्र २४.४, अंतर २.६ मीटर, उंचीच्या सुमारे २२ टक्के. वर्तुळात आधी २२ झाडं होती, नंतर १५ दिसायला हवीत. पट्टीच्या फेरीत १७ ऐवजी १२. खुणा करणाऱ्याला दिवसभर ध्यानात ठेवायला हे दोन आकडे पुरतात.

एका फेरीत छेदक्षेत्राचा २५ ते ३० टक्के भाग काढणं हे मला पहिल्या विरळणीचं सुरक्षित माप वाटतं. ४० च्या वर गेलात तर वाऱ्याचा धोका वाढतो आणि मोकळी जागा भरून निघेपर्यंत काही वर्षांची वाढ वाया जाते. १५ च्या खाली राहिलात तर दोन-तीन वर्षांत वरच्या फांद्यांचं छत पुन्हा मिटतं आणि यंत्र, माणसं आणण्याचा खर्च अंगावर पडतो. जुने जर्मन वनपाल ‘लवकर, बेताने, वारंवार’ म्हणत. यातलं ‘लवकर’ सर्वात जास्त मोडलं जातं, कारण पहिल्या विरळणीतलं बारीक लाकूड अनेकदा खर्चही भरून काढत नाही.

कोणाला काढायचं

जर्मन वनपाल गुस्टाफ क्राफ्ट यांनी १८८४ मध्ये झाडांचे पाच वर्ग पाडले: सर्वांच्या वर डोकं काढलेली, वरच्या थरातली भक्कम, वरच्या थरातली पण दोन्हीकडून दबलेली, मागे पडलेली, आणि पूर्ण सावलीत गेलेली. खुणा करताना हे वर्ग तोंडपाठ असावेत. नवखा माणूस चौथ्या-पाचव्या वर्गावर तुटून पडतो. वाळकी, वाकडी, मनगटाएवढी झाडं काढली की रान स्वच्छ दिसतं आणि विरळणी झाल्यासारखं वाटतं. पण त्या झाडांच्या डोक्यावर छत मिटलेलंच होतं. ती गेल्याने वरच्या झाडांच्या फांद्यांना एक वीतसुद्धा मोकळी जागा मिळत नाही. खर्च पूर्ण, फायदा नगण्य. सावलीतली ही झाडं वाटेत येत नसतील तर उभी राहू द्या. ती आपली आपण संपतात, आणि तोवर शेजारच्या चांगल्या खोडाला सावली देऊन खालच्या फांद्या वाळवतात.

उलट बाजूची चूक अधिक महागात पडते: सर्वात जाड, सर्वात सरळ झाडं काढून पैसे करायचे आणि मागे राहिलेल्यांना भविष्य म्हणायचं. समान वयाच्या रोपवनात बारीक झाड लहान नसतं, हरलेलं असतं. त्याला जागा दिली तरी ते विजेत्याच्या वेगाने वाढत नाही. एखादं दांडगं झाड काढायचंच, तर ते हाताएवढ्या जाड फांद्यांचं, दुशेंडी, वळलेलं, चौफेर पसरून चार शेजाऱ्यांना दाबणारं असावं.

म्हणून आधी ठेवायचं झाड पक्कं करा. सरळ खोड, एक शेंडा, भरगच्च समतोल डोलारा, बारीक फांद्या, साल न खरचटलेली. मग त्याच झाडाच्या बुंध्याशी उभं राहून वर पाहा: याच्या डोलाऱ्याला कोण घासतंय? घासणाऱ्यांतला सर्वात जोरदार एक, फार तर दोन, त्यांच्यावर खूण. मग पुढच्या चांगल्या झाडाकडे. ही झाडं अगदी सारख्या अंतरावर मिळणार नाहीत. दोन उत्तम झाडं दीड मीटरवर असतील आणि दोघांनाही बाहेरच्या बाजूने मोकळीक असेल, तर दोन्ही राहू द्यावीत. अंतराच्या हट्टापायी चांगलं तोडून वाईट ठेवण्याचा प्रकार रोपवनांत फार चालतो.

खूण दोन ठिकाणी करा: एक डोळ्यांच्या पातळीवर, वाटेवरून दिसेल अशा बाजूला, आणि दुसरी अगदी बुंध्यापाशी, कापाच्या खाली राहील अशी. तोडीनंतर खुंटावरचा रंग पाहिला की खूण केलेलंच झाड पडलं की दुसरं, हे कळतं. कंत्राटाने काम दिलं असेल तर खालचा ठिपका सोडू नये. संपूर्ण रानात खुणा करण्याआधी एका छोट्या तुकड्यात खुणा करून, तोडून, तोडणाऱ्यांसोबत पाहून घ्यावं. पुढे बरेच वाद टळतात.

निसर्गतः उगवलेल्या दाट रोपांची विरळणी याहून खूप आधी, २ ते ४ मीटर उंचीला होते. तिथे लाकूड मिळत नाही, कापलेलं जागेवरच राहतं. एकच गोष्ट सांभाळायची: काप सर्वात खालच्या हिरव्या फांदीच्या खाली घ्यायचा. खुंटावर एक जरी जिवंत फांदी राहिली तरी ती वळून उभी होते आणि नवा शेंडा बनते. फांदीविना उरलेला स्प्रूस-फरचा खुंट मरतो. किनारी रेडवुड आणि चिनी फर यांसारखे थोडे अपवाद खुंटातूनही फुटतात.

वाटा, पाडणी आणि ओरखडे

झाड कापून ओंडके करणाऱ्या हार्वेस्टर यंत्राचा हात साधारण १० मीटर पोचतो, म्हणून ४ मीटर रुंदीच्या वाटा मध्यापासून मध्यापर्यंत २० मीटरवर आखतात. २ मीटरच्या ओळींत एक ओळ काढली की बरोबर ४ मीटर मिळतात. वाटा सरळ, आणि डोंगरात उताराच्या रेषेत वर-खाली आखाव्यात. उताराला आडवं चालवलं तर यंत्र कलंडतं आणि खालच्या बाजूच्या झाडांना घासत जातं. जोराचा वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला वाटेचं तोंड उघडू नये, नाहीतर वारा थेट आत घुसतो. रानाची वाऱ्याकडची कड तशीच राखावी. तिथली झाडं लहानपणापासून झुलून जाड झालेली असतात आणि आतल्यांचं रक्षण करतात.

छाटलेल्या फांद्या वाटेवरच पसरायच्या. चाकांखाली त्यांचा जाड थर असला तर माती दबत नाही आणि उथळ मुळं सोलली जात नाहीत. स्प्रूसची बहुतेक मुळं वरच्या थरातच असतात. सोललेल्या मुळातून आणि बुंध्याच्या जखमेतून बुरशी शिरते, आणि कूज चढते ती सर्वात किमती अशा तळच्या ओंडक्यात. वसंतात रस चढलेला असताना साल नुसत्या धक्क्यानेही सुटते. शक्य असेल तर तो काळ टाळा. उरलेल्या झाडांपैकी शंभरात पाचपेक्षा जास्त जखमी दिसली, तर काम थांबवून कारण शोधावं. बहुधा वाट वळणावर अरुंद असते. अशा वळणावर काढायच्याच यादीतलं एक झाड ढालीसारखं उभं ठेवतात. सगळे ओंडके त्याला घासून जाऊ देतात आणि शेवटच्या फेरीत तेही कापतात.

हाताने पाडताना खरा त्रास असतो अडकलेल्या झाडांचा. छत मिटलेलं असल्याने पहिली काही झाडं शेजाऱ्याच्या फांद्यांत टेकतातच. म्हणून आधी वाट मोकळी करायची, मग त्या मोकळ्या पट्टीत दोन्ही बाजूंची झाडं तिरकी पाडत जायचं. तिरक्या पडलेल्या झाडांची खोडं वाटेकडे ओढताना काटकोनात वळवावी लागत नाहीत, त्यामुळे उभ्या झाडांना ओरखडे कमी बसतात. झाड पाडायच्या बाजूची, दिशेची खाच व्यासाच्या पाचवा ते चौथा हिस्सा खोल, मागचा काप तिच्या तळाशी किंवा किंचित वर, आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी न कापलेली पट्टी, म्हणजे बिजागरी. १५ सेंमीच्या झाडात ती दीड सेंमीच भरते. एवढ्या बारीक खोडात चेनसॉची पट्टी आत असताना पाचर बसायला जागा नसते, म्हणून पाडायची लोखंडी पहार मागच्या कापात घालून उचलतात.

तरी झाड अडकलंच, तर बिजागरीचा बराच भाग एका बाजूने कापून, थोडी पट्टी ठेवून, खोड पहारेच्या आकड्याने फिरवायचं. नाहीच हललं तर विंचने बुंधा मागे ओढायचा. अडकलेल्या झाडाखाली जायचं नाही, ज्या झाडावर ते टेकलंय ते कापायचं नाही, आणि दुसरं झाड त्याच्यावर पाडून सोडवायचं नाही. विरळणीतले बरेच जीवघेणे अपघात या तीन गोष्टींतून होतात. दुसरा माणूस झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत नसावा.

खुंट आणि फांद्या

ताजा कापलेला खुंट हा मूळकुजीच्या हेटरोबेसिडिऑन बुरशीसाठी उघडा दरवाजा असतो. हवेतले बीजाणू कापावर पडतात, बुरशी खुंटातून मुळांत उतरते आणि मुळं जिथे एकमेकांना भिडतात तिथून निरोगी शेजाऱ्यात जाते. म्हणजे ज्याला वाचवायला विरळणी केली, त्यालाच ती गाठते. वालुकामय, चुनखडीच्या आणि पूर्वी शेती झालेल्या जमिनीत धोका जास्त. केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी दाखवून दिलं, की फ्लेबिऑप्सिस जायगँटिया ही निरुपद्रवी बुरशी पाइनच्या खुंटावर आधी लावली तर ती जागा बळकावते आणि हेटरोबेसिडिऑनला थारा मिळत नाही. आज पाइन आणि स्प्रूस दोन्हींसाठी तिची तयार मिश्रणं मिळतात. युरियाचं द्रावण हा दुसरा मार्ग. कापावर त्याचा अमोनिया होतो आणि पृष्ठभाग इतका अल्कधर्मी होतो की बीजाणू रुजत नाहीत.

औषध चांगलं असूनही उपाय फसतो, तो पोचण्यातल्या कसुरीने. कापाचा संपूर्ण पृष्ठभाग भिजला पाहिजे, कड धरून. एक बोटभर कोरडी पट्टी राहिली की बुरशीला तेवढं पुरतं. म्हणून द्रावणात रंग घालतात. दुपारी सगळे खुंट एकदम भिजवू असं म्हणू नये, काप झाला की लगेच लावावं. भुसा खुंटावर साचला असेल तर आधी झाडावा. जोराच्या पावसात लावलेलं धुऊन जातं. कडाक्याच्या थंडीत हवेत बीजाणू फारच कमी असतात, त्यामुळे उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात खुंट तसेच सोडतात. जिवंत बुरशीचं मिश्रण उन्हात ठेवलेल्या डब्यात मरतं, आणि बाहेरून तसं काहीच दिसत नाही.

साल पोखरणाऱ्या भुंग्यांचं गणित हंगामावर आहे. साल शाबूत असलेले ताजे ओंडके आणि ७-८ सेंमीपेक्षा जाड फांद्या वसंतात रानात पडून राहिल्या, तर त्यात एक पिढी वाढते आणि उन्हाळ्यात उभ्या झाडांवर उतरते. पश्चिम अमेरिकेतल्या पाँडेरोसा पाइनच्या रानांत याच कारणाने ऑगस्टनंतर विरळणी करणं पसंत करतात. फांद्या पुढच्या वसंतापर्यंत सुकतात आणि भुंग्यांच्या कामाच्या राहत नाहीत. ढीग मात्र उभ्या झाडांच्या बुंध्याशी घालू नयेत. ढिगात ओल टिकते, पसरलेली फांदी लवकर सुकते. आगीची भीती असलेल्या मुलखात वेगळी अडचण: विरळणीने छतातली आग पसरणं कठीण होतं, पण जमिनीवर पडलेला फांद्यांचा थर पहिली काही वर्षं आग उलट भडकवतो. तिथे तो थर हलवणं हा विरळणीचाच भाग धरावा, परवडला तर करू असं नव्हे.

वारा आणि पुढची फेरी

विरळणीनंतरची पहिली तीन-चार वर्षं सर्वात नाजूक. झाडाला अचानक जास्त झुलावं लागतं, आणि त्या झुलण्याला उत्तर म्हणून बुंधा आणि मुळं जाड व्हायला वेळ लागतो. पाणथळ, घट्ट किंवा दलदलीच्या मातीत मुळं खोल जातच नाहीत. अशा उघड्या जागी १४-१५ मीटर उंचीपर्यंत एकदाही विरळणी झाली नसेल, तर ती आता न करणंच शहाणपणाचं. ब्रिटनच्या वाऱ्याच्या डोंगरांवरची सिट्का स्प्रूसची पुष्कळ रोपवनं याच कारणाने अजिबात विरळ न करता एकदम तोडतात.

पहिली फेरी वेळेवर झाली असेल, तर दुसरीची तारीख छेदक्षेत्र सांगतं. वरच्या उदाहरणात २४.४ वर सोडलेलं रान वर्षाला २ चौरस मीटरने भरत असेल, तर पाच वर्षांत ३४ वर येतं. संथ वाढणाऱ्या जातीत त्याला आठ-दहा वर्षं लागतील. ब्रिटनच्या फॉरेस्ट्री कमिशनचे तक्ते हाच हिशेब घनमीटरमध्ये करतात: रोपवनाच्या कमाल सरासरी वार्षिक वाढीच्या ७० टक्के एवढंच दरवर्षी काढायचं. हेक्टरी १४ घनमीटरच्या जमिनीवर ते वर्षाला ९.८ होतं, दर पाच वर्षांच्या फेरीला ४९. यापेक्षा सातत्याने जास्त काढत गेलं तर एकूण उत्पादनच घटू लागतं.

दुसऱ्या फेरीला वाटा तयार असतात, त्यामुळे काढलेलं प्रत्येक झाड निवडीचंच असतं आणि खोडं जाड असल्याने खर्चही निघतो. खुणा करायला जाण्याआधी जुनी वर्तुळं मध्यावरच्या त्याच खुंट्यांवरून पुन्हा मोजा आणि प्रत्येक वर्तुळासमोर तीन रकाने भरा: झाडं, छेदक्षेत्र, डोलाऱ्याचा वाटा. तिसरा रकाना गेल्या वेळेपेक्षा खाली आला असेल, तर गेली फेरी कमी पडली होती आणि पुढची पाचऐवजी चौथ्या वर्षी घ्यावी. डोलाऱ्याचा वाटा तसाच टिकला असेल पण छेदक्षेत्र अपेक्षेइतकं भरलं नसेल, तर आधी पडलेली झाडं, वाटेकाठच्या जखमा आणि रंग न दिसणारे खुंट पाहून या. खुणांचं पुढचं माप त्यानंतर ठरवा.